स्पेक्ट्रल म्हणतं सगळं बरोबर, आणि ॲपमध्ये साडेदहाची बोट ६३० वाजता सुटते

बंदरजेटी

मंडळी डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलंय पण वाचा. मालवणात आम्ही तिघं मिळून होमस्टे आणि बोटींच्या बुकिंगचं ॲप करतोय. बॅकएंड पायथनमध्ये, ॲप अँड्रॉइडचं, आणि दोघांच्या मधला करार म्हणजे ओपनएपीआय ३.० ची (सर्व्हरला काय विचारायचं आणि उत्तर कसं येणार ते लिहायची ठरावीक पद्धत) एक यामल फाइल, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेला डेटा. तिघांचे हात लागून लागून ती दोन हजार ओळींच्या वर गेलीय. एकजण फील्डची नावं कॅमल केसमध्ये (boatTime) लिहितो, दुसरा स्नेक केसमध्ये (boat_time), मी त्या दिवशी जसं सुचेल तसं.

कुणीतरी म्हणालं लिंटर लावा, म्हणजे फाइल वाचून नियम कुठे मोडलाय ते दाखवणारं हत्यार, त्यातलं स्पेक्ट्रल घ्या, ओपन सोर्स आहे आणि नियम आपले आपण लिहिता येतात. घेतला. पहिल्यांदा चालवला तर म्हणतो रूलसेटच (नियमांची फाइल) सापडत नाही. मग टिंब-स्पेक्ट्रल-टिंब-यामल नावाची फाइल करून त्यात एक्स्टेंड्सला स्पेक्ट्रल-कोलन-ओएएस टाकलं (फोनवरून लिहितोय, कोड असाच समजून घ्या) तर तीनशेच्या वर तक्रारी. इथे डिस्क्रिप्शन नाही, तिथे टॅग नाही, इन्फोमध्ये कॉन्टॅक्ट नाही. ज्याचे पैसे लागलेत तो माझा मावसभाऊ मागे उभा होता, म्हणाला "ही काय जत्रा भरवलीस, काढून टाक ते."

पण खरा घोळ पुढेच आहे. बोटींचं वेळापत्रक वेगळ्या यामल फाइलमध्ये आहे, ती पायथनची एक स्क्रिप्ट वाचते, तिचा जेसन (डेटा लिहायची अजून एक पद्धत) करते आणि तो जेसन ॲप उचलतं. गेल्या आठवड्यात ॲपमध्ये ०८:३० आणि ०९:१५ च्या बोटी व्यवस्थित, पण १०:३० च्या जागी ६३०, ११:४५ च्या जागी ७०५ आणि १६:०० च्या जागी ९६०. एका पर्यटकाने फोन करून विचारलं की ६३० म्हणजे माणशी तिकीट का, आणि मग साडेआठची बोट फुकट आहे का.

म्हटलं चला, लिंटर आहेच तर ह्या जेसनवर पण नियम लावू. गिव्हनमध्ये (काय तपासायचं ते) बोटींच्या यादीतला टाइम, फंक्शन (कसं तपासायचं ते) पॅटर्न, म्हणजे साचा, दोन आकडे कोलन दोन आकडे, सिव्हिरिटी एरर. चालवलं तर म्हणे एररच्या लेव्हलचं काहीच सापडलं नाही! आणि समोर जेसनमध्ये ६३० दिसतंय मला डोळ्यांनी. वर आणि एक वॉर्निंग, की हे डॉक्युमेंट ओळखीच्या कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नाही. मी चुकतोय की लिंटर?

कुळीथपिठी

६३० चं कोडं आधी सोडवते, ते सोपं आहे. १० गुणिले ६० अधिक ३० करा.

तुमची पायथनची स्क्रिप्ट बहुतेक पायवायएएमएल वापरते आणि ती लायब्ररी यामल १.१ चे नियम पाळते. त्या १.१ मध्ये साठच्या पायावरचे आकडे लिहायची सोय होती, म्हणजे कोलन दिसला आणि दोन्हीकडे आकडे असले की तो तास-मिनिटांसारखा एक पूर्णांक धरायचा. ११:४५ म्हणजे ७०५, १६:०० म्हणजे ९६०, सगळे जुळतायत बघा. २००९ च्या १.२ मधून ही सोय काढून टाकली पण पायवायएएमएल १.१ वरच राहिली.

मग ०८:३० आणि ०९:१५ का वाचले? कारण ह्या साठवाल्या आकड्याचा पहिला अंक शून्य असून चालत नाही. शून्याने सुरू झालं की ते त्या साच्यात बसत नाही, मग स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणून सुटतं. म्हणजे तुमच्या सकाळच्या दोन बोटी निव्वळ नशिबाने बरोबर आहेत. आणि म्हणूनच हा बग लवकर सापडत नाही, टेस्ट करताना आपण यादीतल्या पहिल्या दोन ओळी बघतो आणि चहाला जातो.

उपाय एवढाच की यामलमध्ये प्रत्येक वेळ कोटमध्ये घाला. सगळ्या. ०८:३० ला पण, नाहीतर उद्या कोणीतरी शून्य न लावता ८:३० लिहील आणि ५१० होईल. त्याच १.१ मध्ये नुसतं इंग्रजी येस, नो, ऑन, ऑफ लिहिलंत तरी ते ट्रू-फॉल्स होतं. होमस्टेच्या यादीत एसी, गरम पाणी असले रकाने असतील तिथे पण एकदा नजर टाका.

खाडीपल्याड

कुळीथपिठी ताईंनी मूळ सांगितलं, मी लिंटर हिरवा का राहिला, म्हणजे चूक का दाखवली नाही, ते सांगतो, कारण ह्यात मी स्वतः अख्खा दिवस घालवलाय.

स्पेक्ट्रलचं पॅटर्न फंक्शन फक्त स्ट्रिंग तपासतं. समोर आलेली किंमत स्ट्रिंगच नसेल तर ते चूक म्हणत नाही, गप्प निघून जातं. ६३० हा आकडा आहे. म्हणजे तुमचा नियम ०८:३० आणि ०९:१५ तपासून "छान" म्हणाला आणि ज्यांना पकडायचं होतं त्यांच्या अंगावरून चालत गेला. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं की टोपीवाल्यांची पिशवी तपास, तर बिनटोपीचा माणूस तो अडवणारच नाही, त्यातली गत. फील्ड मुळात नसेल तरी तेच, पॅटर्न काही बोलत नाही, त्यासाठी ट्रूदी नाहीतर डिफाइन्ड (फील्ड आहे का ते बघणारी फंक्शनं) असा वेगळा नियम जोडावा लागतो. देनच्या (नियमातला तपासणीचा भाग) खाली एका ऐवजी यादी देता येते, त्यामुळे एकाच नियमात दोन्ही तपासण्या बसतात.

तुम्हाला इथे पॅटर्न नकोय, स्कीमा फंक्शन पाहिजे. गिव्हन तेच ठेवा, फंक्शन स्कीमा करा, फंक्शन-ऑप्शन्समध्ये स्कीमा म्हणून टाइप स्ट्रिंग आणि त्याच्याच खाली पॅटर्न द्या. मग ६३० आलं की टाइपवरच ओरडेल. अजून चांगलं म्हणजे गिव्हन बोटीच्या टाइमवर न ठेवता अख्ख्या बोटीवर ठेवा आणि स्कीमामध्ये रिक्वायर्डला टाइम टाका, म्हणजे टाइम गाळला तरी पकडेल.

आणि ती फॉरमॅटची वॉर्निंग, ती तुम्ही वेळापत्रकाला ओपनएपीआयचाच रूलसेट लावलाय म्हणून. स्पेक्ट्रल कुठलाही जेसन किंवा यामल तपासतो, त्याला ओपनएपीआयच पाहिजे असं नाही. वेळापत्रकासाठी वेगळी रूलसेट फाइल करा, त्यात एक्स्टेंड्स नकोच, फक्त तुमचे नियम, आणि चालवताना रूलसेटचा पर्याय देऊन तीच फाइल द्या. तरी वॉर्निंग राहिली तर अनोळखी फॉरमॅटकडे दुर्लक्ष कर असा एक फ्लॅग आहे, हेल्पमध्ये बघा. एकाच फाइलमध्ये ओव्हरराइड्स लिहून पण हे जमतं पण तीन माणसांच्या टीमला दोन फाइली वाचायला सोप्या.

सुरंगीचा_गजरा

मी जरा उलट बोलते. एवढ्याशा वेळापत्रकाला स्पेक्ट्रल कशाला? नुसता जेसन स्कीमा (जेसन कसा असावा त्याचं वर्णन) लिहा आणि एजेव्ही नावाच्या लायब्ररीने तपासा. स्पेक्ट्रल स्वतः आत एजेव्हीच वापरतो. जितकी हत्यारं जास्त तितकी शिकायची जास्त.

खाडीपल्याड

@सुरंगीचा_गजरा वेळापत्रकापुरतं मान्य, नुसत्या आकाराची तपासणी असेल तर जेसन स्कीमा पुरतो. पण दोन फील्डची एकमेकांशी तुलना जेसन स्कीमाला करता येत नाही. शेवटची बोट पहिल्या बोटीच्या नंतर आहे का, चेकआउटची तारीख चेकइनच्या पुढची आहे का, हे स्कीमात कसं लिहाल? स्पेक्ट्रलमध्ये जावास्क्रिप्टचं छोटं फंक्शन लिहायचं, चूक असली तर मेसेज घातलेल्या ऑब्जेक्टची यादी परत करायची, नसली तर काहीच नाही. दहाएक ओळी. शिवाय त्यांना ओपनएपीआयसाठी लिंटर लागणारच आहे, मग तेच एक हत्यार दोन्हीकडे.

सुरंगीचा_गजरा

बरं ते तारखांचं पटलं. पण त्या तीनशे वॉर्निंगांचं काय, त्यावर कोणी बोललंच नाही. मी सांगते, सगळं बंद करायचं. एक्स्टेंड्समध्ये स्पेक्ट्रल-कोलन-ओएएसच्या जोडीला ऑफ लिहायचं, म्हणजे यादी असते पण एकही नियम पेटलेला नसतो. मग ज्या चुकीने तुम्हाला खरंच त्रास दिलाय तेवढेच नियम एकेक करून चालू करायचे. पहिल्या आठवड्यात पाच सुद्धा खूप. मावसभाऊ पण खूश.

कुळीथपिठी

सगळं ऑफ करताना एक सांभाळा. त्यात ओएएस-थ्री-स्कीमा नावाचा नियम पण बंद होतो, आणि तुमची फाइल मुळात ओपनएपीआय म्हणून धड आहे की नाही हे तोच बघतो. तो गेला की रिस्पॉन्सेसचं स्पेलिंग चुकलं तरी लिंटर हसत बसेल. त्यामुळे ऑफ केल्यावर सगळ्यात आधी तो परत चालू करा, मग ऑपरेशन-आयडी दोनदा आलाय का तो, आणि पाथमधले पॅरामीटर खाली लिहिलेत का तो. एवढे तीन कुठल्याही प्रोजेक्टला लागतात.

बाकी वॉर्निंगांची भीती मला फारशी नाही हो. स्पेक्ट्रलमध्ये एरर, वॉर्न, इन्फो, हिंट असे चार दर्जे आहेत आणि आपण वेगळं सांगितलं नाही तर फक्त एरर आली तरच तो नापास करतो. नियमात सिव्हिरिटी लिहिलीच नाही तर ती वॉर्न धरतो. म्हणजे तीनशे वॉर्निंग असल्या तरी गाडी अडत नाही, फक्त डोळ्यांना त्रास. माणसं मात्र वॉर्निंग वाचायचीच सोडून देतात हे खरं, आमच्याकडे तेच झालं होतं, म्हणून सुरंगीचा सल्ला मला शेवटी पटतो.

गणपतीला_गावी

माझी एक भर. मोबाइल नंबर कसा लिहिलाय तुमच्या स्पेकमध्ये, म्हणजे त्या ओपनएपीआयच्या फाइलमध्ये? टाइप इंटिजर असेल तर आत्ताच बदला. आम्ही पेट्यांच्या बुकिंगच्या ॲपमध्ये हे भोगलंय, ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा हापूसच्या ऑर्डरी दिवसरात्र चालू असतात. स्पेकमध्ये नुसतं इंटिजर लिहिलं होतं, फॉरमॅट काही नाही, तर कोड जनरेटरने अँड्रॉइडसाठी साधा इंट काढला. इंट जातो २१४७४८३६४७ पर्यंत. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ नाहीतर ९ ने, म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर त्यात मावत नाही! आणि आमच्या टेस्ट डेटामध्ये काय होतं, १२३४५६७८९०, तो मावतो. बागायतदार फोन करून शिव्या देतोय की गिऱ्हाइकाचा नंबर उघडला की ॲप बंद पडतं आणि आम्ही म्हणतोय आमच्याकडे तर चालतंय.

नियम सोपा आहे. गिव्हन: डॉलर, दोन टिंबं, प्रॉपर्टीज, टिंब, मोबाइल. देन: फील्ड टाइप, फंक्शन एन्युमरेशन (दिलेल्या यादीतलीच किंमत आहे का ते बघणारं), व्हॅल्यूजमध्ये फक्त स्ट्रिंग. मेसेज आम्ही मराठीत लिहिलाय, "मोबाइल हा आकडा नाही, त्याची बेरीज कोणी करत नाही." नवीन आलेल्या पोरांना तो लगेच कळतो. मेसेज मराठीत लिहिता येतो हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

आणि खाडीपल्याड म्हणाले ते इथे पण लागू, टाइप लिहिलंच नसेल तर एन्युमरेशन गप्प बसतं. ट्रूदी जोडा.

बंदरजेटी

अरे देवा. आत्ता उघडून बघितलं. मोबाइल इंटिजर आहे. आणि एका ठिकाणी टाइपच नाहीये.

नावांचं कसं करू? कॅमल की स्नेक ते ठरलंय, स्नेक, कारण पायथनवाला जास्त भांडतो.

गणपतीला_गावी

केसिंग नावाचं फंक्शन तयारच आहे, टाइप स्नेक द्यायचा. गिव्हनमध्ये प्रॉपर्टीजच्या पुढे चौकोनी कंसात तारा आणि शेवटी ती नागमोडी टिल्ड, ती टिल्ड विसरू नका. टिल्ड असली की नाव तपासतो, नसली की नावाच्या आतला माल तपासायला जातो, आणि तो माल ऑब्जेक्ट असल्यामुळे केसिंग परत गप्प. पुन्हा तोच हिरवा दिवा.

जुनी नावं एका दमात बदलायला जाऊ नका, लोकांच्या फोनवरचं जुनं ॲप तीच नावं मागत असणार. नियम आधी वॉर्नवर ठेवा, नवीन भाग स्नेकमध्ये, जुने हळूहळू.

वेंगुर्ल्याचो_झील

बंदरजेटी, माका पण ह्याच झाला होता, फक्त बोटींच्या जागी आमचे दशावताराचे प्रयोग होते. प्रयोग रात्रीचो, वेळ २२:३०, ॲपमध्ये १३५०. लोक म्हणतत तिकीट लय म्हाग केलंत.

तू एक काम कर. लिंटर बरोबर म्हणता म्हणान सगळा बरोबर आसा असा समजू नको. लिंटर कागद वाचता, सर्व्हर नाय वाचूक. स्पेकमध्ये स्ट्रिंग लिवलंस आणि सर्व्हर आकडो धाडता, तर लिंटराक काय कळतला? आमी नियम केले, सगळा हिरवा, आणि सर्व्हर आपला १३५० धाडताच आसा.

कुळीथपिठी

झील म्हणतोय ते अगदी खरं, आणि ह्या अख्ख्या चर्चेत तेच राहिलं होतं. कागद आणि सर्व्हर जुळतायत का ते बघायला वेगळी हत्यारं आहेत. प्रिझम घ्या, तो स्पेक्ट्रलवाल्यांचाच आहे, स्पेक वाचून खोटा सर्व्हर तर उभा करतोच पण प्रॉक्सी म्हणून ॲप आणि खऱ्या सर्व्हरच्या मध्ये पण बसतो आणि उत्तर स्पेकप्रमाणे नसलं की सांगतो. पायथनवाल्यांना स्कीमाथेसिस आवडेल, ते स्पेकवरून आपणच वेड्यावाकड्या रिक्वेस्ट तयार करून सर्व्हरला झोडपतं.

बंदरजेटी, तुमच्या बाबतीत मात्र नशीब असं की लिंटर स्क्रिप्टने काढलेल्या जेसनवर लावलाय, मूळ यामलवर नाही. ते तसंच ठेवा. मूळ यामलवर लावलात तर ती यामल स्पेक्ट्रल वाचणार, तुमचं पायथन नव्हे, आणि दोघं एकच ओळ सारखीच वाचतील ह्याचा भरवसा धरू नका. जे ॲपच्या हातात पडतं तेच तपासायचं. यामलवर वेगळं यामललिंट लावता येतं, त्यात कोट सक्तीचे करायचा नियम आहे, पण तो फक्त स्ट्रिंग म्हणून वाचल्या जाणाऱ्या किमतींनाच लागतो, आकडा धरला गेलेला बिनकोटाचा १०:३० त्यातून सुटतो.

सुरंगीचा_गजरा

आणि हे सगळं चालवणार कुठे ते पण ठरवा. सगळे सांगतात की गिटहब ॲक्शनमध्ये टाका (पुश केलं की गिटहबवर आपोआप चालतं), टाकाच, पण पावसात आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्ही पाहुण्यासारखे येतात-जातात. जूनमध्ये एकदा अडीच दिवस पुश झालं नव्हतं आमचं, नेट आल्यावर एकदम चाळीस एरर. तेव्हापासून गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये लिंटर ठेवलाय, कमिटच्या आधी आपोआप लॅपटॉपवरच चालतो. रूलसेट पण इंटरनेटच्या पत्त्यावरून ओढू नका, देता येतो तसा पण नेट गेलं की लिंटर पण गेला. फाइल रेपोतच ठेवा. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन घातलंत तर लिहिता लिहिताच खाली लाल रेघ येते, निम्म्या चुका तिथेच मरतात.

बंदरजेटी

केलं सगळं, सांगतो काय झालं ते.

वेळापत्रकाची वेगळी रूलसेट फाइल, स्कीमा फंक्शन, अख्ख्या बोटीवर. लगेच पाच एरर, तीन ६३०-७०५-९६० वाल्या आणि दोन माहीतच नव्हत्या, एका बोटीला टाइमच नव्हता आणि एका ठिकाणी "सकाळी" असं लिहिलं होतं. ते "सकाळी" मावसभावाने लिहिलंय. यामलमध्ये सगळीकडे कोट घातले.

ओपनएपीआयला सगळं ऑफ करून ओएएस-थ्री-स्कीमा धरून चार नियम पेटवले आणि मोबाइलचा एक आपला. तीनशेच्या अकरा तक्रारी झाल्या, अकराच्या अकरा खऱ्या. मोबाइलच्या नियमाचा मेसेज गणपतीला_गावी यांचाच उचललाय, हरकत नसेल तर. स्नेक केस वॉर्नवर आहे, ती यादी मोठी आहे, ती बघायला मावसभावाला बोलावणार नाही.

शेवटची बोट पहिल्या बोटीच्या नंतर हवी हे फंक्शन लिहिताना अडकलोय. ०९:१५ आणि १६:०० ची स्ट्रिंग म्हणूनच तुलना केली तर चालेल ना, की परत कुठे फसेन?

खाडीपल्याड

दोन्हीकडे दोन आकडी तास असतील तर चालेल, स्ट्रिंगची तुलना डावीकडून होते. ९:१५ असं शून्याशिवाय आलं तर ते १६:०० पेक्षा मोठं ठरेल. पण तो तुमचा स्कीमाचा नियम आधीच अडवेल, पॅटर्नमध्ये सुरुवातीची टोपी (^) आणि शेवटचा डॉलर ($) घातलाय ना?

बंदरजेटी

डॉलर घातलाय. टोपी नाही. घालतो.

वेंगुर्ल्याचो_झील

आणि त्या "सकाळी"च्या बोटीचा काय केलंस? ती खरी किती वाजता सुटता?

बंदरजेटी

तांडेलाला विचारलं. म्हणाला माणसं भरली की.